हात ठेवला की विझणारे दिवे

डिसेंबरात आम्ही दोघं रत्नागिरीला गेलो ते दिवे बघायला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी छत्तीस वर्षं ओतकामाचा छोटा कारखाना चालवला. अॅल्युमिनियम वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, निवलं की साचा फोडून काढायचं. रस्त्यावरच्या दिव्यांची कवचं, पंपांची झाकणं, जे काम येईल ते. गेल्या वर्षी छातीचं ऑपरेशन झालं आणि कारखाना बंद केला. त्यानंतर मी घरात नुसता बसून असायचो. माझी बायको सुनंदा हायस्कूलमधून निवृत्त झालेली, पण तिला स्वस्थ बसणं माहीत नाही. तिच्या एका मैत्रिणीने फोटो पाठवले होते. रत्नागिरीत थंडीत चार संध्याकाळी प्रकाशाचा उत्सव भरतो. किनाऱ्यावर, जेट्टीजवळ, जुन्या गोदामांत दिव्यांच्या कलाकृती मांडतात. त्या नुसत्या बघायच्या नसतात. आपण हात लावायचा, चालायचं, बोलायचं, मग त्या बदलतात.

"आयुष्यभर दिव्यांची टरफलं केलीत," सुनंदा म्हणाली. "एकदा दिवे बघायला चला."

खाडीपलीकडची खोली

शहरातली हॉटेलं भरलेली होती. ओळखीतून एक खोली मिळाली ती भाट्याच्या पुलापलीकडे, मच्छीमारांच्या वाडीत. जांभ्या दगडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे नारळ आणि त्यांच्यामधून दिसणारी खाडी. खोली नवी रंगवलेली होती, तरी आत गेल्यावर एक जुना खारट वास आलाच. पूर्वी तिथे जाळी ठेवत, असं घरमालकीण शेवंतीबाईंनी सांगितलं. "दोन वर्सं झाली, पाव्हण्यांसाठी केली," एवढंच त्या बोलल्या.

त्यांचे यजमान दत्ताराम पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काटक. खांद्यावरचा पंचा त्यांच्या उजव्या हातावरून खाली सोडलेला असे. चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने पुढे केला तेव्हा पंचा सरकला. उजव्या हाताला अंगठा होता, बोटं नव्हती. मी नजर दुसरीकडे वळवली. त्यांनी पंचा सावरायची घाई केली नाही.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी आणि पेडव्यांचं तिखलं, म्हणजे बारक्या मासळीचं तिखट कालवण होतं. आमच्याकडे तिखट म्हणजे जीभ भाजणारं. या तिखटाला तिरफळाचा वास होता आणि शेवटी जिभेवर एक बारीक झिणझिणी राहत होती. मी भराभर खाल्लं आणि व्हायचं तेच झालं, घशात काटा अडकला. डोळ्यांतून पाणी आलं. सुनंदा घाबरून पाठीवर थापट्या मारू लागली.

"वहिनी, मारू नका," शेवंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "कोरड्या भाताचा मोठा घास द्या. चावू नका म्हणावं, तसाच गिळा."

दोन घासांत काटा उतरला. दत्ताराम पहिल्यांदाच हसले. "मटणाचं हाड चावणारी माणसं तुमी, भाऊ. काट्याशी दमानं वागावं लागतं."

मी विचारलं, "पेडवे आजचेच का? तुम्ही धरलेले?"

ते हसायचे थांबले. उत्तर शेवंतीबाईंनी दिलं. "बाजारातनं आणले." मग ताटातली भाकरी मोडत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मच्छीमाराच्या घरात मासळी इकत आणायची पाळी आली. आमच्या सासूबाई असत्या तर जेवल्या नसत्या."

मांडवीची काळी वाळू

संध्याकाळी आम्ही मांडवीला गेलो. तिथली वाळू काळी आहे, त्यामुळे अंधार जमिनीवरूनच वर येतो आहे असं वाटतं. वाळूवर लाकडी फळ्यांची लांब वाट केली होती. पाय पडला की फळीखाली निळा उजेड लागायचा आणि पुढे पाण्याच्या दिशेने पळत जायचा. मुलं उड्या मारत होती. एक म्हातारी पायातल्या चपला हातात घेऊन, देवळात चालावं तशी त्या फळ्यांवरून चालत होती.

कोल्हापूरला त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात. तिथे प्रत्येक जण आपली पणती घेऊन येतो, लावतो आणि बाजूला होतो. इथे दिवे आधीच आलेले होते आणि माणसांची वाट बघत होते. हा फरक मला पहिल्या संध्याकाळी नवलाचा वाटला.

पुढे एक बाक होता. त्याच्या दोन टोकांना पितळी मुठी. दोघांनी एकेक मूठ धरायची आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, म्हणजे बाकामागचा उंच खांब उजळतो. तिथल्या मुलीने आम्हाला बसवलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण चारचौघांत मी सुनंदाचा हात कधी धरला नव्हता. मी आजूबाजूला बघितलं. कुणाचंही लक्ष नव्हतं. हात धरला, तसा उजेड खालून सावकाश चढत गेला, आधी मंद, मग लख्ख. त्या मुलीने "झालं, काका" म्हटल्यावरही सुनंदाने हात सोडला नाही. ऑपरेशनच्या दिवसापासून तिने किती भीती अंगावर काढली होती, ते मला तिच्या त्या पकडीवरून कळलं.

दत्तारामांनी सांगितलेलं

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. जाळ्याची एक कड पायाच्या अंगठ्यात ताणून धरायची आणि डाव्या हाताने गाठ मारायची. मी बाजूला बसलो. बराच वेळ गेल्यावर विचारलं, "हाताला काय झालं?"

"लायटीनं गेला," ते म्हणाले.

मला वाटलं, शॉक बसला असेल. त्यांनी मान हलवली.

"मोठ्या लाँची असतात, भाऊ. जनरेटर ठेवतात आणि पाण्यावर लाईट सोडतात. हज्जार गावांत मिळून असावा एवढा उजेड. उजेडाला मासळी येते. मोठी येते, बारकी येते, पोटात अंडी असलेली येते. सगळी उपसून नेतात. त्याला बंदी हाय. पण रात्री समुद्रात कोण बघतंय? आमी किनाऱ्यालगत जाळी टाकणारे. आमच्यापर्यंत मासळी येतच नाय. दिवसदिवस बसावं तरी गावत नाय."

त्यांनी गाठ आवळली.

"एका राती आमी आठ-दहा होड्या मिळून गेलो. मारामारी करायला नाय, सांगायला, की बाबांनो, हितनं जावा. जवळ गेलो आणि त्यांनी लाईट आमच्याकडं फिरवली. डोळे गेले म्हणजे गेलेच, समोर हात धरला तर दिसंना. तेवढ्यात त्यांनी लाँच वळवली. ती अंगावर येतेय एवढं आवाजावरनं कळलं. मी आपला हातानं तिला लोटायला गेलो." त्यांनी उजवा हात पंच्याबाहेर काढून स्वतःच बघितला. "दोन कडांच्या मधी सापडला."

"लाँच कुणाची होती?"

"नंबरावर कापड टाकलेलं. मागनं ज्याला ज्याला विचारलं तो म्हणाला, माझी नाय. लाईट पण कुणी घेतलेली नाय, कुणी इकलेली नाय. सगळ्यांनी हात वर केले."

त्यांच्या पायाजवळ पडलेला दोरा उचलून मी गुंडाळू लागलो. मला माझ्या भट्टीतला एक जुना माल आठवला.

इतक्यात शेवंतीबाई बाहेर आल्या. उत्सवात एका गोदामात त्या लाईटींचंच काहीतरी केलं आहे, गावातली ऋतुजा नावाची मुलगी महिन्यामागे येऊन दत्तारामांचा आवाज भरून घेऊन गेली होती, असं त्यांनी सांगितलं. "हे काय जायला तयार नायत. तुमी नेत असाल तर बघा."

दत्ताराम म्हणाले, "माझंच बोलणं मी काय ऐकायचं?" पण संध्याकाळी ते धुतलेला सदरा घालून अंगणात उभे होते.

गोदाम

जेट्टीजवळच्या त्या जुन्या गोदामात आत काळं कापड लावलं होतं. छताला वीस-बावीस दिवे वेगवेगळ्या उंचीवर टांगलेले. समुद्रात वापरतात तेच, पण डोळ्यांना सोसेल इतका उजेड कमी केलेला. ऋतुजा पंचवीस-सव्वीसची असेल. तिने सांगितलं की हे दिवे तिने किनाऱ्यावरच्या भंगारवाल्यांकडून गोळा केले. पकडले जाण्याच्या भीतीने लोक ते टाकून देतात, नाहीतर फुटले की विकतात.

"दिव्यावर तळहात ठेवायचा," ती म्हणाली. "मग तो विझतो आणि आवाज येतो. हात काढला की परत लागतो."

माणसं हळूहळू आत शिरत होती. कुणी हात ठेवी, तो दिवा मालवे आणि त्यातून एक आवाज बोलू लागे. कुणी वडिलांच्या होडीचं नाव सांगत होतं, कुणी मुलगा शहरात वॉचमन झाल्याचं. खूप जणांनी एकदम हात ठेवले की गोदाम जवळजवळ काळोखं होई आणि नुसते आवाज उरत.

ऋतुजाने दत्तारामांना एका दिव्यापाशी नेलं. त्यांनी डावा हात पुढे केला, मग मागे घेतला. पंचा बाजूला करून त्यांनी तो दुसरा हात दिव्यावर टेकवला. दिवा विझला. "मी दत्ताराम," असा त्यांचा आवाज आला. शेवंतीबाई पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. दत्ताराम मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. हात काढल्यावर ते एवढंच म्हणाले, "बराबर सांगितलंय."

मी शेजारच्या दिव्यावर हात ठेवला. खरं म्हणजे त्यांच्याकडे बघवत नव्हतं म्हणून ठेवला. माझ्या तळहाताखाली कवचाच्या पात्या लागल्या. दिवा तापू नये म्हणून कवचाला मागून अशा उभ्या पात्या काढतात. सवयीने बोटं त्यांच्यावरून फिरली. सातवी पाती बाकीच्यांपेक्षा जाड होती.

ओतकामात आधी लाकडाचा नमुना करतात, त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो. तो वाळूत दाबून साचा तयार होतो. आमच्या एका पॅटर्नची सातवी पाती तुटली होती. कारखान्यातल्या मारुती मिस्त्रींनी ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून दुरुस्त केली, आणि त्या पॅटर्नवरून निघालेल्या प्रत्येक कवचाला ती जाडी आली. मी पुन्हा मोजल्या. अंधारात एका म्हाताऱ्याचा आवाज त्याच्या विकलेल्या होडीबद्दल सांगत होता आणि मी पात्या मोजत होतो. सातवीच होती.

पुलावर

परतताना दत्ताराम आणि शेवंतीबाई रिक्षाने पुढे गेले. आम्ही पुलावरून चालत निघालो. वारा गार होता. मी सुनंदाला सांगितलं.

ती थांबली. "कशासाठी आहेत ते तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. ऑर्डर आणणारा व्यापारी किनाऱ्यावरच्या दुसऱ्या शहरातला होता. पहिल्यांदा तो फक्त "बोटीसाठी" म्हणाला होता. दुसऱ्यांदा त्याने हसत सांगितलं की मासे उजेडाला येतात, आणि मीही हसलो होतो. एकदा टेम्पोबरोबर मी स्वतः गेलो, माल थेट जेट्टीवर एका लाँचीत उतरवला आणि लाँचमालकाकडे जेवलो. नंतर पेपरात बंदीची बातमी वाचली. त्यानंतरही दोन ऑर्डरी पूर्ण केल्या. भट्टी चालू ठेवायची होती, माणसं कामावर होती, अशी कारणं त्या वेळी पुरली होती. हे सगळं मी सांगितलं.

सुनंदा कठड्याला हात टेकून पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला सांगून काय होणार? त्यांना सांगा."

ओहोटी

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. दत्ताराम खाडीत मुळे काढायला निघाले, मीही गेलो. मुळे म्हणजे चिखलात रुतून बसलेले शिंपले. ते पायाने चाचपायचे आणि हाताने उकरून काढायचे. पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. आमच्यात चार-पाच हातांचं अंतर होतं.

मी म्हणालो, "दत्ताराम, काल मी ज्या दिव्यावर हात ठेवला, त्याचं कवच माझ्या भट्टीत ओतलेलं आहे."

ते उकरत राहिले. त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ते सरळ उभे राहिले.

"तुमाला ठाव होतं?"

"पहिल्यांदा नव्हतं. नंतर होतं."

"बंदी आल्यावर?"

"त्यानंतरही केले."

त्यांनी टोपलीतल्या मुळ्यांकडे बघितलं. चेहऱ्यावर राग दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. टोपली उचलून ते किनाऱ्याकडे चालू लागले. मी मागून गेलो नाही. पाय चिखलात होते आणि पाणी अजून ओसरत होतं.

दुपारी शेवंतीबाईंनी ताटं वाढली. मुळ्यांची आमटी होती, वाढण्यात काही कमी नव्हतं, पण पहिल्या दिवसासारख्या त्या समोर बसल्या नाहीत. दत्ताराम घरात नव्हते. मी सुनंदाला म्हटलं, आपण आजच निघू. ती म्हणाली, "आज गेलात तर तुम्ही पळालात. उद्यापर्यंत राहायचं ठरलंय, उद्यापर्यंत राहू."

संध्याकाळी मी एकटाच गोदामात गेलो आणि ऋतुजाला सांगितलं. तिने आधी विश्वास ठेवला नाही. मी तिला सातवी पाती दाखवली. बावीसपैकी तीन दिवे माझे निघाले. तिने तिन्ही दिव्यांच्या पात्या स्वतः मोजल्या. मग मागच्या बाजूला एका खुर्चीत बसवून तिने माझ्यासमोर माईक ठेवला. मला नावापुढे काही सुचेना.

"ओततात कसं, ते सांगा," ती म्हणाली.

मग जमलं. वाळू कशी चाळतात, धातू किती तापला की ओततात, साचा फोडल्यावर कवच हातात घेताना किती समाधान वाटतं, ते सांगितलं. ते समाधान खरं होतं आणि ते मी लपवलं नाही. त्यानंतर जेट्टीवर ते कुणाला दिले, तेही सांगितलं. लाँचमालकाचं नाव आल्यावर ऋतुजाने माईक बंद केला. "हे इथे लावता येणार नाही, काका," ती म्हणाली. "हे दुसरीकडे सांगायचं आहे."

निघताना

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही सामान गाडीत ठेवलं. शेवंतीबाईंनी सुनंदाच्या हातात सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी दिली. सुनंदा संकोचली. "पाव्हण्याला रिकामं पाठवत नाय आमी," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दत्ताराम खाडीकडून आले. दोन दिवसांचे दाढीचे खुंट वाढलेले. ते गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले.

"राग गेला असं म्हणत नाय, भाऊ."

"जावा असं मीही म्हणत नाही."

"हात गेला त्याचं आता काय नाय. पण इतक्या जणांना विचारलं, एकजण 'माझं' म्हणाला नव्हता. त्यानं डोकं फिरलं होतं माझं. मीच खोटं बोलतोय असं लोकांना वाटाया लागलं होतं." त्यांनी पंचा खांद्यावर ओढला. "ज्या लाँचीत तुमी माल उतरवलात, तिचा रंग कसा होता?"

मी सांगितला. खाली हिरवा, वर पिवळा पट्टा. ती लाँच त्यांनी दिवसाउजेडी पाहिलेली असावी, तसे ते बॉनेट सोडून सरळ उभे राहिले.

"मासळी खात्यात माझी तक्रार अजून पडून हाय," ते म्हणाले. "पुढल्या महिन्यात बोलावलंय. तीच लाँच का नाय, मी शपथ घेऊन सांगू शकत नाय, त्या रात्री कायच दिसत नव्हतं. पण तिच्यावर लाईट होती एवढं तुमी सांगू शकता. याल?"

साहेबांसमोर हे बोलायचं म्हणजे बंदीनंतरच्या त्या दोन ऑर्डरीही सांगायच्या, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी सुनंदाकडे बघितलं. ती गाडीचं दार धरून उभी होती आणि तिने मला काहीच खुणावलं नाही. हे माझं मलाच बोलायचं होतं.

"येतो," मी म्हणालो.

दत्तारामांनी मान डोलावली आणि ते घरात गेले.

घरी आल्यावर

परत आल्यापासून लोक विचारतात, उत्सव कसा होता. मी फळ्यांवरच्या निळ्या उजेडाचं सांगतो, त्या बाकाचं सांगतो. जमलं तर जाऊन या, असंही सांगतो. गोदामाचं सगळ्यांना सांगत नाही. म्हणून इथे लिहिलं.

मुलगा म्हणतो, बाबा, वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका. विचारलं. वकील म्हणाला, गेला नाहीत तर तुम्हाला कुणी शोधत येणार नाही. तेही खरं आहे.

काल फोन केला तो शेवंतीबाईंनी उचलला. तक्रारीच्या तारखेच्या आदल्या दिवशी आम्ही येतोय, शहरात कुठेतरी लॉज बघतो, असं मी म्हणालो. पलीकडे त्यांनी दत्तारामांना काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं. त्यांचं उत्तर ऐकू आलं नाही.

"लॉज नको," त्या फोनवर परत येऊन म्हणाल्या. "हे म्हणतात, खोली झाडून ठेवलीय. जेवायला किती वाजेपर्यंत पोचाल तेवढं सांगा."